दाराआडून ऐकलेलं फ्रेंच

माझ्या भासऱ्यांनी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाने, उभ्या जन्मात एकही फ्रेंच माणूस पाहिला नव्हता. धुळ्यात तो येणार कुठून? पण जेवायला बसले की पहिल्या घासाबरोबर त्यांच्या तोंडून फ्रेंच बाहेर पडायचं. ते हायस्कुलात इंग्रजी शिकवत. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणे, आणि घरातही ते मास्तरच होते. त्यांच्याविषयी लिहिताना मी अहो-जाहो करते आहे ते सवयीने. आदर केव्हा गेला आणि का गेला, तेच सांगायला बसले आहे.

त्यांच्याजवळ एक जाडजूड इंग्रजी कोश होता. इंग्रजांनी दुसऱ्यांच्या भाषांतून उचललेले शब्द त्याच्या शेवटच्या पानांत अर्थासकट दिलेले होते. त्यातले फ्रेंच शब्द मास्तरांना तोंडपाठ. इंग्रजांनी आमच्या खानदेशातून कापूस नेला तसे फ्रेंचांकडून शब्द नेले, याचं त्यांना भारी कौतुक. ज्याच्या घरात दुसऱ्याचा माल जास्त तो थोर, असा त्यांचा हिशेब असावा. उच्चार कसा करायचा हे सांगणारं कुणी नव्हतं, म्हणून तोही त्यांनी आपल्या मनानेच ठरवला होता.

आमच्याकडे भासऱ्यासमोर बाई तोंड उघडत नाही. डोक्यावरचा पदर डोळ्यांपर्यंत ओढायचा, त्यांच्या वाटेत यायचं नाही, काही विचारायचं तर नवऱ्याच्या मार्फत विचारायचं. मास्तरांची बायको मी सासरी येण्याआधीच वारली होती. त्यामुळे घरात आम्ही तिघंच. नवरा कापूस पिंजणाऱ्या जिनात कारकून. मी ताटं वाढून ठेवायची, आत जायची आणि स्वयंपाकघराच्या दाराची कडी वाजवायची. कडी वाजली की मास्तर येऊन पाटावर बसत. पुढे भाकरी हवी असली तर ते मला नाही, भावाला सांगत, “आणखी एक म्हणावं.” आणि मी दाराआडून हात लांब करून भाकरी देई. कित्येक वर्षं त्या माणसाने माझा फक्त हात पाहिला असेल.

कान मात्र माझे उघडे होते. मिरचीच्या ठेच्याला ते म्हणत ‘ऑर दव्र’. त्याचा मूळ अर्थ, कामाच्या बाहेरचं. मुख्य जेवणाआधी साहेब लोक जे चघळतात ते. तो ठेचा मी पाट्यावर वाटलेला असे, डोळ्यांतून पाणी गाळत. कामाच्या बाहेरचं म्हणे! आमची गल्ली पुढे बंद होती, तिला ते ‘कुल द साक’ म्हणत, म्हणजे पोत्याचा तळ. ज्याचं तोंड पाहवत नाही तो आपला ‘बेत न्वार’, काळं जनावर. हेडमास्तर हे त्यांचं काळं जनावर होतं. माझं कोण होतं ते मी मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं.

एकदा ते ‘कार्त ब्लांश’ समजावत होते. हरलेला सेनापती कोऱ्या कागदावर सही करून देतो, जिंकणारा त्यावर वाटेल त्या अटी लिहितो. नवरा म्हणाला, “अशी सही कोन करी?” मी दाराआड उभी. माझ्या बापाने माझं लग्न ठरवताना यांच्यासमोर दुसरं काय केलं होतं?

आणखी एक शब्द त्यांच्या फार आवडीचा होता. जिनातल्या एका व्यापाऱ्याने ठरल्या दिवशी कापूस पोचवला नाही, कारण पांझरेला पूर आला होता. नवऱ्याने ही हकिगत सांगितली तशी मास्तर खुलले. “यालाच ‘फोर्स माज्यूर’ म्हणतात. मोठं बळ. माणसाच्या ताकदीपलीकडचं काही आडवं आलं, तर दिलेला शब्द मोडला तरी दोष लागत नाही. फ्रेंचांनी केवढा बारीक विचार केला आहे पाहा!” हा शब्द लक्षात ठेवा. मी ठेवला.

खोटं कशाला बोलू, मला ते ऐकायला आवडायचं. मी रावेरकडची, मराठी चौथीपर्यंत शिकलेली. पुस्तकाचं तोंड मला लग्नानंतर दिसलं नाही. दाराआडून मिळालं तेवढंच माझं शिक्षण. भुकेल्याने उष्टं खावं तसं मी ते खाल्लं, आणि वाढणाऱ्याचा राग राग केला.

बेचाळीस साली धुळ्यात कर्फ्यू लागला. रस्ते ओस, शाळा बंद. मास्तर घरातच, त्यामुळे फ्रेंच दोन्ही वेळा. कर्फ्यू हा शब्द मुळात ‘चूल झाका’ असा आहे, ते सांगत होते. जुन्या काळी संध्याकाळी घंटा व्हायची आणि घरोघरच्या चुली राखेने झाकायला लागायच्या. गावाला आग लागू नये म्हणून. “म्हणजे लोकांच्या भल्यासाठीच,” मास्तर म्हणाले. बाहेर शिपायांच्या बुटांचे आवाज येत होते. मी चुलीपुढे बसले होते, हातात फुंकणी. चूल झाकायचा हुकूम देणारा कुणी एक असतो आणि ती झाकणारी बाई दुसरीच असते, एवढं तरी त्या कोशात लिहायला हवं होतं.

त्याच दिवसांत माझ्या दादाला पकडलं.

दादा माझा थोरला भाऊ. रावेरजवळ आमची केळीची बाग, थोडा कापूस. बाप गेल्यावर सगळं त्याच्याच अंगावर होतं. शाळा त्याने लवकर सोडली होती. तारायंत्राच्या तारा तोडल्याचा त्याच्यावर संशय होता. खटला नाही, शिक्षा नाही, नुसतं उचललं आणि आमच्याच धुळ्याच्या तुरुंगात आणून ठेवलं. माझ्या घरापासून तुरुंग पायी जाण्याइतका जवळ, पण मला काही तिथे जाता येईना. मास्तर म्हणाले होते, आणि अर्थात नवऱ्याच्या मार्फत, की आपल्या घरची बाई तुरुंगाच्या दारात दिसता कामा नये.

वर्ष उलटलं आणि गावाहून सांगावा आला, मायला जलोदर झाला आहे, ती काही फार दिवसांची नाही. तिला एकच ध्यास होता. पोराच्या मांडीवर डोकं ठेवून जायचं. आमच्या मायला दुसरं काही मागायची सवयच नव्हती. आयुष्यात तिने हट्ट धरला तो हाच.

आता इथे मास्तरांच्या पदरात घालायचं ते माप घालते. नवऱ्याने हातापाया पडून त्यांना गळ घातली, आणि ते कचेरीत गेले. जाताना जरीकाठी रुमाल बांधून गेले. हा रुमाल म्हणजे त्यांचं ठेवणीतलं पागोटं. शाळेत ते काळी टोपी घालत. रुमाल फक्त कचेरीत जायचं असलं किंवा शाळेचा बक्षीस समारंभ असला तरच निघे. तो एका पत्र्याच्या डब्यात, माझ्या आतल्या खोलीत धान्याच्या कणगीवर असायचा. चुरगळलेला कपडा त्यांना खपत नसे, म्हणून आदल्या संध्याकाळी मी त्याला चुलीवरच्या वाफेवर धरून सरळ करून ठेवायची. त्या संध्याकाळी मी तो असा सरळ केला की जन्मात केला नसेल.

कचेरीत मास्तर दादाला जामीन राहिले. दादाने सही केली, आणि येत्या अमावास्येपर्यंत त्याला पॅरोलवर सोडलं. त्या दिवशी मास्तरांविषयी माझ्या मनात जे आलं त्याला चांगलं म्हणायला माझी हरकत नाही.

तुरुंगातून दादा आधी आमच्याकडे आला. गाडीला अवकाश होता, म्हणून जेवायला बसला. मी दाराआड. मास्तर हात धुवायला परसात गेले तेवढ्यात तो दाराजवळ येऊन हळूच म्हणाला, “बाई, आता मी काही वापस येत नही. मायचं होईपर्यंत तिच्यापाशी राहीन. मंग सातपुडा ओलांडला का संस्थानी हद्द. तठी या सरकारले कोन इचारतं?”

“अन् सही केली ते?” मी विचारलं.

दादा हसला. “तो कागद हाये, बाई. नाइलाजानं केलेला. कागदाले कायचा शब्द?”

हे बाहेरच्याला कळायचं नाही. आमच्या गावाकडे कागदावरची सही म्हणजे कुणीतरी मान पकडून करून घेतलेली गोष्ट. कागद सरकारचा असतो. शब्द वेगळा. तो हातावर हात मारून देतात. पाण्याची पाळी असो, बैलजोडी असो, पोरीचं लग्न असो. फारच मोठी गोष्ट असली तर महादेवाच्या देवळात बेलभंडारा उचलतात. तो शब्द कुणी मोडला तर गावात त्याच्या हातचं पाणी लोक पीत नाहीत. सही मोडली तर लोक पाठ थोपटतात. दादाने सरकारला सही दिली होती, शब्द दिला नव्हता, आणि त्याचं मन अगदी स्वच्छ होतं.

मास्तर येऊन पाटावर बसले. दादाकडे पाहत म्हणाले, “पॅरोल. हा शब्द कुठून आला ठाऊक आहे का?”

“सरकारातून,” दादा म्हणाला.

“छे! सरकारने तो फ्रेंचांकडून घेतला. फ्रेंच भाषेत ‘पारोल’ म्हणजे शब्द. बोललेला शब्द. पूर्ण म्हणायचं तर ‘पारोल दोनर’, इज्जतीचा शब्द. पूर्वी लढाईत पकडलेला सरदार शत्रूला तोंडी शब्द देई, की मी घरी जाऊन येतो आणि ठरल्या दिवशी हजर होतो. त्याच्यामागे पहारा नाही, पायात बेडी नाही. नुसता शब्द. आणि तो परत येई. न येणारा मग सरदार राहत नसे. तुम्ही सही केलीत तो कागद नव्हे, भाऊ. कागद निमित्त. तुम्ही शब्द दिला आहे.”

दादाचा घास हातातच राहिला. त्याने विचारलं, “म्हंजे त्या कागदावर शब्द असंच लिहेल व्हतं?”

“नावच ते आहे त्याचं.”

“मले कोनी सांगतलं नही.”

“आता मी सांगितलं.”

त्या वेळी मास्तरांच्या आवाजात जे समाधान होतं ते मी दाराआडून ऐकलं. नेहमी अर्थ सांगून झाल्यावर ते ताकाचा घोट घेत, आणि आवाज पुढच्या शब्दाकडे वळे. या वेळी वळला नाही. दादा परागंदा झाला असता तर पहिली धाड जामिनाच्या घरावर आली असती आणि नोकरी गेली असती, हे त्यांना कळत होतं. दादाचं दाराजवळचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं का, ते मला आजही सांगता येत नाही. पण कोशातल्या शब्दाने त्यांनी माझ्या भावाच्या पायात खोडा घातला, हे मी त्या क्षणी ओळखलं. चावी कुठे लावायची ते त्यांना बरोबर ठाऊक होतं. असल्या शब्दाला जागणारी माणसं कुठल्या मातीची असतात ते शेतकऱ्याच्या पोराला ठाऊक असणारच, आणि मास्तरही शेतकऱ्याचंच पोर होते.

दादा म्हणाला, “मंग मले वापस यावं लागन. पन मायचं तोवर झालं नही तं?”

मास्तरांनी हात पुढे केला. हो, ताटावरून पुढे केला, मी फटीतून पाहिलं. “मुदत वाढवून आणायची जबाबदारी माझी. अमावास्येच्या आत अर्ज करतो, साहेबांना भेटतो. तुम्ही फक्त ठरल्या दिवशी इथे या. हुकूम माझ्या हातात असेल. तुरुंगाच्या दारात दाखवायचा आणि त्याच पावली परत फिरायचं. हा माझा शब्द.”

दादाने त्यांच्या हातावर हात मारला. मग तो चाळीसगावच्या गाडीने निघून गेला.

त्या दिवसापासून मी रुमालाची वाट पाहू लागले. मास्तरांना कचेरीत जायचं तर रुमाल लागणार, रुमाल लागणार तर आदल्या संध्याकाळी निरोप येणार. संध्याकाळ झाली की मी चुलीवर आधण ठेवून बसे. निरोप येत नव्हता. मास्तर काळी टोपी घालून शाळेत जात आणि काळी टोपी घालून परत येत. एकदा तर डबा हलवून पाहिला, न जाणो, स्वतःच घेऊन गेले असतील. रुमाल आत होता.

नवऱ्याला म्हटलं, “विचारा ना त्यांना.”

“त्यासले सांगेल शे मी. भाऊ करतीन ना. तू कसाले चिंता करस?”

चार दिवस गेल्यावर पुन्हा म्हटलं, तेव्हा तो डोळे चुकवून म्हणाला, “शाळाना चालकसनी त्यासले इचारं, तुमना घर जेलमधला लोके जेवतस का म्हनीसन.” जेवताना मास्तर ‘तेत आ तेत’ समजावत होते, डोक्याला डोकं लावून केलेली गुजगोष्ट. मला वाटलं, फुंकणी घेऊन बाहेर जावं. गेले नाही. आधी दादाला येऊ दे, असं म्हणत दातओठ खाऊन बसले.

अमावास्येला सकाळी दादा आला. उतरलेला, दाढी वाढलेली, पण चेहऱ्यावर एक निश्चिंती. संध्याकाळच्या आत तुरुंगात हजर व्हायचं होतं. माय अजून होती. बोलत होती. मी नवऱ्याकडून मास्तरांना बसायला सांगितलं, ताटं वाढली, आणि कडी वाजवली.

बसल्या बसल्या दादाने विचारलं, “मास्तर, हुकूम आला का?”

“साहेब दौऱ्यावर आहेत,” मास्तर म्हणाले. “अर्ज पुढे गेला आहे. एक-दोन दिवसांत होईल. तुम्ही आज हजर व्हा, मी मागोमाग हुकूम घेऊन येतोच.”

मी दार उघडलं आणि बाहेर आले. पदर डोक्यावर होता, पण तोंडावर नव्हता. मास्तरांनी माझा चेहरा तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

“खोटं हाये, दादा,” मी म्हटलं. “अर्ज गेलाच नही. हे कचेरीत गेलेच नही. रुमाल डब्यातून निघालाच नही.”

मास्तर नवऱ्याकडे वळून म्हणाले, “हिला आत जायला सांग.” तेव्हासुद्धा मार्फतच!

नवरा मान खाली घालून बसला होता. तो मला आत जा म्हणाला नाही. एवढ्यासाठी त्याचे बाकीचे गुन्हे मी माफ केले आहेत.

दादाने मास्तरांना विचारलं, “खरं का?” मास्तरांनी ताकाची वाटी तोंडाला लावली. दादा पुन्हा जेवू लागला. मी म्हटलं, ताट सोड, ऊठ, पुढची गाडी पकड, मायकडे जा, मग सातपुड्यात जा, नाहीतर मसणात जा, पण तुरुंगात जाऊ नको. असं बरंच काही म्हटलं. माझा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत गेला असेल.

“अन्नावर कायले राग,” एवढंच तो म्हणाला. भाकरी संपवली, हात धुतला.

“दादा, माय वाट पाहून राहिली.”

“ठाव हाये मले.”

“तूच म्हने ना, कागदाले कायचा शब्द? नाइलाजाचा व्हता ना तो?”

“तवा व्हता,” दादा म्हणाला. “मास्तरनं अर्थ सांगतला, मंग नही राहिला.”

आणि तो गेला. पायीच गेला, कुणी सोबत नसताना. ज्या माणसाने त्याला फसवलं त्याचीच नोकरी वाचवायला गेला, असंही म्हणता येईल. मला त्याचा अभिमान वाटला का? लोक विचारतात. नाही वाटला. मला तेव्हा त्याचाही राग आला होता. आईपेक्षा फ्रेंचांचा शब्द मोठा करणाऱ्याला काय ओवाळायचं? पुढे तो सुटून आल्यावर मी त्याला हे तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, फ्रेंचांचा नही बाई, माझा व्हता. तरी माझा राग काही गेला नाही.

त्याच दिवशी मी गाडीत बसले. कुणाला विचारलं नाही. चाळीसगावला गाडी बदलली, भुसावळला बदलली, आणि रावेरला उतरून बैलगाडीने घरी पोचले. माय ओसरीतल्या खाटेवर होती. मी जवळ बसले, तिचा हात धरला. ती माझ्या मागे दाराकडे पाहत होती.

“मांगून येऊन राहिला का तो?”

“येऊन राहिला, माय.”

“येईन,” ती म्हणाली. “मास्तरनं शब्द देल्ला हाये. शिकेल मानूस हाये तो.”

हे ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. खाटेला कुणी टेकलं की त्याला सांगायची, काळजी नाही, मास्तरांनी शब्द दिला आहे. दुसऱ्या दिवशी बाया पाणी भरून परतत होत्या त्या वेळी ती गेली. डोकं माझ्या मांडीवर होतं. तिला हवी होती ती मांडी ही नव्हती. तोंड दाराकडे केलेलं होतं ते मी हाताने वळवलं. अग्नी चुलत भावाने दिला.

तेरावं करून मी धुळ्याला परत आले. स्वयंपाक केला, ताटं वाढली. कडी वाजवली नाही. दार सताड उघडं ठेवलं आणि उंबऱ्यातच उभी राहिले. मास्तर आले, थबकले, बसले. नवरा जिनातून यायचा होता. म्हणजे मार्फत बोलायला कुणी नव्हतं. जरा वेळाने त्यांनी ताटाकडे पाहत विचारलं, “शेवटी काही बोलल्या का?”

“बोलल्या,” मी म्हटलं. “मास्तरांनी शब्द दिला आहे, तो येईल, असं म्हणत गेल्या. तुम्ही शिकलेले आहात असंही म्हणाल्या.”

मास्तरांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला. मग घसा खाकरला. मला तो आवाज चांगला ओळखीचा होता. अर्थ सांगण्याआधी ते तसंच खाकरत.

“माझा नाइलाज होता. शाळेतून विचारणा झाली होती. अशा परिस्थितीला... इंग्रजीत एक शब्द आहे, मूळ फ्रेंच...”

“फोर्स माज्यूर,” मी म्हटलं. “मोठं बळ. ज्याच्यापुढे दिलेला शब्द मोडला तरी चालतो ते. दाराआड उभी राहून शिकले मी. माझ्या दादापुढे सगळं सरकार होतं, तरी त्याने मोडला नाही. तुम्हाला एक रुमाल बांधून कचेरीपर्यंत जायचं होतं. फ्रेंच लोक याला काय म्हणतात ते तुमच्या कोशात बघा. आमच्या रावेरकडे याले भ्याला म्हनतात.”

मास्तर मान खाली घालून जेवत राहिले. ताक मागायला त्यांना तोंड नव्हतं, आणि मीही विचारलं नाही.